तिसऱ्या पेटीतला दयाळ

९ फेब्रुवारी, रविवार

पेट्या आल्या. चार. अंकिता सांगलीहून एसटीत मांडीवर घेऊन आली. कंडक्टरने विचारलं म्हणे, "कोंबड्या हायत काय आत?" ही म्हणाली, "नाही, घरं आहेत." कॉलेजचा प्रकल्प आहे तिचा — परसातले बारके पक्षी पेटीत घरटं कसं करतात ते रोज बघायचं आणि लिहायचं. नात हुशार. पण ती राहणार सांगलीत हॉस्टेलवर आणि पक्षी राहणार आष्ट्यात. म्हणून बघायचं काम माझ्या गळ्यात!

शिडीवर अंकिता, खालून हुकूम यांचे. "डावीकडं. अजून डावीकडं. बस! ठोक!" सुभेदार होऊन घरी आले त्याला बावीस वर्षं झाली, पण आमच्याकडे खिळ्यालासुद्धा परेड चुकत नाही. एक नंबर गेटच्या भिंतीवर, दोन न्हाणीमागे, तीन शेवग्यावर, चार गोठ्याच्या खांबाला. गोठ्यात आता म्हैस नाही. खांब आहे.

"चारी बराकी तयार," म्हणाले. "आता भरती कवा?"

अंकिताने मला वही दिली. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, पडवीतून बघायचं. जवळ जायचं नाही, पेटी उघडायची नाही. "आजी, तुझं अक्षर चांगलं आहे, आणि तू रिकामीच असतेस."

रिकामी! सकाळपासून अकरा भाकरी थापल्या होत्या.

वही घेतली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण फक्त इथे लिहिते — मला दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. तापल्या दुधाच्या वाफेतून बघावं तसं सगळं. उजवा डोळा तर नावालाच. माणूस मी चालण्यावरून ओळखते, भाकरी हाताने, भाजी वासाने. ही डायरीसुद्धा जाड काळ्या स्केचपेनने, दोन ओळी सोडून लिहिते आहे. कुणाला माहीत नाही. कळता कामा नये.


११ फेब्रुवारी

एकही पक्षी नाही. वहीत लिहिलं — निरंक.

शेजारची मनुबाई येऊन बसली. तिचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला. डोळा झकास झाला. पण पट्टी बांधून घरी आली तोवर दोघी सुनांनी चूल वाटून घेतली होती. "आत्या, तुमी आराम करा. धूर लागंल, फोडणी उडंल." महिनाभर म्हणाल्या होत्या. दोन वर्षं झाली. आता तिला लख्ख दिसतं — आणि बघायचं काय, तर सुना करपवतात ती भाकरी.

आज म्हणाली, "विजामाला, दिसत न्हवतं तवा मी घरची मालकीण हुते गं."

म्हणून मी डॉक्टरकडे जाणार नाही. शिवांजली — माझी सून, अंकिताची आई — पोरगी गुणाची आहे. नवरा राजस्थानात सीमेवर, म्हणजे माझा वीरधवल, आणि ही इथे आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं करते. पण मनुबाईच्या सुनाही गुणाच्याच होत्या.

चूल म्हणजे गॅसच. पण आहे माझा.


१५ फेब्रुवारी

एक नंबरात चिमण्या! आवाजावरून दोन. हे म्हणाले, "झाली भरती."


२० फेब्रुवारी

नर गेटवर बसून दिवसभर भाषण करतो. मादी खराट्याच्या काड्या उपसून नेते. खराटा निम्मा झाला. शिवांजली म्हणते नवा आणू या, मी म्हटलं थांब, त्यांचं होऊ दे.


२३ फेब्रुवारी, रविवार

अंकिताने वही तपासली. खूश. "आजी, नराच्या गळ्याखाली काळं दिसतं का?" म्हटलं, दिसतं की. खोटं बोलले नाही — साठ वर्षांपूर्वी कोरेगावला माहेरी दिसलं होतं. चिमणी काही बदलत नाही.


२ मार्च, रविवार

तीन नंबरात हालचाल! शेवग्यावर पहाटेपासून दयाळ गातो आहे, शीळ घालावी तसं, लांबलांब. दयाळाचा गळा मी झोपेतही ओळखीन. आणि सातच्या सुमाराला काहीतरी फांदीवरून तुरुतुरु आलं आणि पेटीत शिरलं. काळं-पांढरं होतं. शेपूट वर. दयाळाची शेपूट वरच असते.

वहीत लिहिलं — पेटी ३, दयाळ, जोडी. अंकिताला फोन केला तर आनंदाने ओरडलीच. वर्गात कुणाच्याच पेटीत दयाळ आलेला नाही म्हणे. मॅडमना लगेच कळवते म्हणाली.


५ मार्च

दुपारी शेवग्याखाली मनुबाई बसलेली दिसली. म्हटलं, "मनुबाई, उन्हात का बसलीस, वर ये की." उत्तर नाही. दोनदा बोलावलं. राग आला असेल म्हणून चहा टाकला आणि कप घेऊन गेले.

सिमेंटचं पोतं होतं.

चहा मी तिथेच उभ्याने पिऊन टाकला.


९ मार्च

तीन नंबरला खारीचा फार त्रास आहे. दिवसभर पेटीपाशी चिक् चिक् चिक् करून डोकं उठवते. दयाळ मात्र निमूट. आत जातो, बाहेर येतो, हूं की चूं नाही. एवढा सोशिक पक्षी मी पाहिला नाही. वहीत तसं लिहिलं.


११ मार्च

वर्षाची चटणी केली. पाच किलो मिरची, ब्याडगी निम्मी, संकेश्वरी निम्मी. कांदा, खोबरं, तीळ, धणे सगळं मीच भाजलं. शिवांजली शेजारी उभी. "आत्या, खोबऱ्याचा रंग बघा की, काढायचं का?"

"रंग काय बघायचा? रंग कुणालाबी दिसतो. वास बघ."

नाकावर भाजलं सगळं. डंकावरून कुटून आणली तर सगळ्या गल्लीला ठसका. सुभेदारांनी भाकरीला लावून खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले, मग म्हणाले, "कडक."

यंदाही चटणी माझी. वहीत यातलं काही लिहायचं नसतं म्हणून इथे लिहिते.


१४ मार्च

धुळवड. पोरांनी दोन नंबरवर पिचकारी मारली. आत कोणी नव्हतं. आजही निरंक.


१८ मार्च

दयाळ कापूस नेतो आहे. आमचीच जुनी उशी, गोठ्यात टाकलेली. तोंडभर घेऊन जातो.

अंकिता फोनवर म्हणाली, "कापूस? आजी, दयाळ गवत, मुळ्या, काड्या लावतो. पुस्तकात कापूस नाही."

म्हटलं, "हा सुभेदाराच्या घरचा आहे. उशीशिवाय झोपायचा न्हाई."

ती हसली. पण लिहून घेतलं तिने. हे शेजारीच बसले होते, पेपर मांडीवर. शेवग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं असावं, आणि म्हणाले, "हं."

यांचा हं वाईट.


२४ मार्च

एक नंबरात पिल्लं! चिवचिव कसली, उकळत्या तेलात मोहरी पडावी तसं. आई-बाप दोघं पळताहेत. पाच मिनिटांत सहा फेऱ्या मोजल्या, पंखांच्या आवाजावर.


३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. अंकिता भर दुपारी जेवण्यापुरती आली, तेव्हा पेटीवर सामसूम होती. सांगून गेली, तेरा तारखेला दीपाली मॅडम येणार. वर्गातल्या आठ पोरी घेऊन. खास आपला दयाळ बघायला!

मी कशाला घाबरू? दयाळ आहेच की. रोज गातो.


१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळ. लिहायला नको वाटतं आहे. तरी लिहिते.

सकाळी साडेसातला आल्या सगळ्या. मॅडम सांगलीच्या, जैनांच्या घरातल्या, बारीक आवाजाच्या, गळ्यात दुर्बीण. पोरी पडवीत ओळीने बसल्या. सुभेदार खूश — एवढी शिस्तीची पलटण पुष्कळ दिवसांनी बघितली म्हणाले. एक नंबरच्या चिमण्या झाल्या. दोन रिकामी. चार नंबरला गांधीलमाशांचं पोळं, वहीत होतंच तसं, भुणभुण ऐकून लिहिलेलं. मग तीन नंबर.

मॅडमनी दुर्बीण लावली.

"अंकिता, दयाळाची शेपूट कशी असते?"

"काळी, मॅडम. कडेला पांढरी."

"झुबकेदार असते?"

पोरी फिसकन हसल्या.

"खार आहे ही," मॅडम म्हणाल्या. "कापूस घेऊन आत गेली. आता तोंड बाहेर काढून आपल्याकडेच बघते आहे. भोकाची कड कुरतडून मोठी केलीय तिने, ते काही एका दिवसाचं काम नाही." मग वही उघडली आणि मोठ्याने वाचलं. "'दयाळ अतिशय सोशिक. खारीचा त्रास मुकाट सहन करतो.' सहा आठवड्यांच्या नोंदी आहेत अशा. कुणी केल्या?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मी, मॅडम," अंकिता म्हणाली. "आजीने फक्त चांगल्या अक्षरात उतरवून दिल्या. मी रविवारी येऊन... बाकीच्या दिवसांच्या अंदाजाने सांगितल्या."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वही मिटून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "न बघता लिहिलं म्हणजे खोटं लिहिलं, अंकिता. हा प्रकल्प मला घेता येणार नाही. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

पोह्यांना कुणी हात लावला नाही. मी केले होते. चांगले झाले होते.

त्या गेल्यावर पोरगी स्वयंपाकघरात आली. रडून झालं होतं. म्हणाली, "आजी, तू बघतच नव्हतीस ना? टीव्हीसमोर मालिका बघत बसायचीस ना? मला सांगायचंस. मी रागावले नसते."

मी म्हटलं, "व्हय. मालिका बघत हुते."

टीव्हीवरची माणसं मला वर्षभरात दिसलेली नाहीत. पण आळशी म्हटलं तर चूल राहते. आंधळी म्हटलं तर जाते. एवढा हिशेब मी तिच्या ओल्या तोंडासमोर उभी राहून केला! वही इथेच टाकून तीनच्या गाडीने गेली.


१४ एप्रिल

भाकरी चिकटली. मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

हे पडवीत होते. मी जाऊन बसले. म्हणाले, "पलटणीत एखादा जवान दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायचा. आमी त्याला मनातनं शाबासकी द्यायचो."

"आन् ज्याची चूक हाय तो गप बसला तर?"

"त्याला काय म्हणायचो ते बायकांच्या फुडं सांगत न्हाई."

उठून गेटकडे गेले. मी तिथेच. शेवग्यावर दयाळ गात होता, मेला. गायचा इथे आणि राहायचा दुसरीकडेच कुठेतरी!


१५ एप्रिल

अंकिताची वही काढली. स्केचपेनने शेवटच्या पानावर लिहिलं. इथे उतरवून ठेवते:

"पेटी तीनच्या सगळ्या नोंदी चुकीच्या. त्या अंकिताने केलेल्या नाहीत, मी केल्या. मी रोज दोन वेळा बसले, एक दिवस चुकवला नाही. पण मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असावा. हे मी घरात लपवलं. खार गेली आली की मला काळं-पांढरं काही हललेलं दिसायचं. दयाळाचं गाणं खरं आहे. चिमण्यांच्या नोंदी कानाने केलेल्या आहेत, त्या तपासून घ्याव्या. मुलीने माझ्यासाठी खोटं सांगितलं. तिला शिक्षा नको. — विजयमाला मानसिंग पाटील, आष्टा."

लिहून झालं. पण पाठवायचं कसं? फोटो काढून मोबाइलवर धाडायला शिवांजलीच लागणार. म्हणजे जिच्यापासून लपवलं तिच्याच हातात पान द्यायचं. पान घेऊन गॅसपाशी दहा मिनिटं उभी राहिले. दूध उतू गेलं. मग दिलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. म्हटलं आता रडणार.

म्हणाली, "आत्या, परवा तुमी मला म्हणालासा, 'साडी झ्याक दिसतीया, हिरवी खुलती तुला.' मी गाऊनवर हुते."

"हिरवा हुता का?"

"निळा."

मग दोघीही हसलो. हसता हसता ती रडली, आणि मला ते आवाजावरून कळलं. मी मनुबाईचं सांगितलं. सुना, धूर, फोडणी, सगळं. गप ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं आत्या, पहाटं पाचाला उठून भाकरी थापायची हौस कुणाला हाय? तुमी करताय म्हणून मी आणिक तासभर झोपते! तुमची चूल काढून घ्याया मी काय येडी हाय?"

"मग डोळा झाल्यावर?"

"आठ दिस मी. नवव्या दिशी तुमी. पाहिजे तर लिवून घ्या."

लिहून घेतलं. खाली तिची सही आहे.

दोन वर्षं मी जिला पहारा दिला, ती चूल कुणाला नकोच होती!


१६ एप्रिल

अंकिताचा फोन. आधी नुसती मुसमुस. मग, "आजी, मॅडमनी ते पान वाचलं. म्हणाल्या, प्रकल्पाला हेच पान पहिलं लावायचं. नोंद चुकली तर कशी दुरुस्त करतात ते सगळ्या वर्गाला दाखवायचंय. आणि तुला निरोप दिलाय, खार पेटीत राहिली तर तीही मोजतो आम्ही."

म्हटलं, "आणि खोटं बोललीस त्याचं?"

"त्याचं बोलल्या. लय बोलल्या."

"बरं झालं," म्हटलं.


१८ एप्रिल

सांगली. डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टर पोरगेलेसे. पंजा पुढे केला असावा. "किती बोटं, आजी?"

"पाचच असणार की. तुमी डॉक्टर हाय."

हे मागे हसले. डॉक्टर नाही हसले. उजवा पूर्ण पिकलाय, डावा मागोमाग. "इतके दिवस काय करत होता?"

"पक्षी बघत हुते," म्हटलं.

उजव्याचं ऑपरेशन बावीस तारखेला.


२१ एप्रिल

मनुबाई येऊन बजावून गेली. "येड्यावानी करू नगंस. चूल गेली समज." मी तिला सहीचा कागद दाखवला. तिने दोनदा वाचला. चांगलं दिसतं तिला. म्हणाली, "ह्याचं झेराक्स मिळंल का?"

चिमण्यांनी एक नंबरात पुन्हा काड्या न्यायला सुरुवात केली. दुसरी वीण. तीन नंबरात खारीची पिल्लं असावीत, आतून किरकिर येते. लिहिलं — खार. पिल्लं. आवाजावरून. खात्री नाही.

असं लिहायला काय जात होतं माझं?


२३ एप्रिल

सकाळी पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, "सांगा, समोर काय दिसतं?" समोर हे उभे होते. म्हटलं, "आमचं सुभेदार." मी तिथे एवढंच बोलले. बाकीचं घरी पडवीत येऊन विचारलं. यांचा उजवा हात थरथरतो. मनगटापासून बोटांपर्यंत, सारखा, बसल्या जागी. डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलेला, तरी थरथरतो. आवाज कसला होत नाही त्याचा.

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"मला सांगितलं न्हाईसा."

"तुला दिसत न्हवतं," म्हणाले. "बरं चाललं हुतं."